आडात असेल तर पोहऱ्यात येईल

आंबेगाव तालुक्यात अवसरी बुद्रुक आहे, अवसरी खुर्द आहे आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक हे तिसरेच गावही आहे. बुद्रुक म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. ‘तर्फ’ ही जुन्या महसुली कारभारातली गावांच्या गटाची खूण. एसटीचा कंडक्टर असो की पोस्टमन, या तीन गावांतला फरक आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. संगणकाला मात्र सांगावा लागतो. एका वहीत ‘अवसरी बु.’, दुसरीत ‘अवसरी बुद्रूक’ आणि तिसरीत नुसते ‘अवसरी’ लिहिले, की त्याच्या लेखी ही तीन वेगळी गावे झाली. शिवाय नुसती ‘अवसरी’ म्हणजे थोरली की धाकटी, हे त्याला कोण सांगणार?

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. तरीही आज ज्या विषयावर बोलणार आहे तो व्यापार-उद्योगाचा आणि संगणकाचा आहे. हल्ली दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाने, मंचरच्या बाजारातले मोठे व्यापारी, सगळ्यांकडे कुणीतरी येऊन सांगते, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणा, त्यासाठी आमचा एकात्मिक क्लाउड प्लॅटफॉर्म घ्या.’ संचालक मंडळ मान डोलावते आणि पैसे सभासदांचे जातात. म्हणून ही वस्तू काय आहे आणि ती कशी पारखून घ्यावी, हे आपण साध्या माणसांनीही समजून घेतले पाहिजे.

उदाहरण आपल्याच भागातले, उसाचे घेऊ. पारगाव तर्फे अवसरी बुद्रुकच्या हद्दीत, दत्तात्रयनगरला, भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. त्या एका कारखान्याविषयी मी बोलत नाही. कुठलाही सहकारी कारखाना डोळ्यांपुढे आणा. उसाची नोंद गट कार्यालयात होते. लागण आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, की खोडवा, हे तिथे लिहिलेले असते. वजन काट्यावर होते. साखरेचा उतारा प्रयोगशाळेत निघतो. तोडणी टोळ्यांचे आणि वाहनांचे हिशेब वेगळे, माती परीक्षणाचे कागद वेगळे, सभासदाच्या खात्यावरचे पैसे लेखा विभागात. म्हणजे माहिती भरपूर, पण एक ना धड भाराभर चिंध्या.

आता प्रश्न असा विचारा: पुढच्या आठवड्यात कुणाचा ऊस आधी तोडावा? हा प्रश्न वरवरचा नाही. पक्व ऊस फडात उभा राहिला की तुरा येतो, वजन घटते, उतारा उतरतो. केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवला. दर उताऱ्याला बांधलेला आणि पैसे वजनावर मिळणारे. तोडीची पाळी चुकली की शेतकऱ्याचे घर वर्षभर त्याची किंमत मोजते. लागणीची तारीख, जात, उपग्रहाच्या चित्रातली पिकाची अवस्था, हवामान आणि टोळ्यांची उपलब्धता हे सारे एका जागी आणले, तर यंत्र त्या पाळीचा बरा अंदाज देऊ शकेल.

एका जागी आणणे म्हणजे काय, हे पाहायला जुन्नर तालुक्यात खोडदला जा. तिथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यांतल्या 14 मध्यभागी जवळजवळ आहेत आणि 16 तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या आहेत. प्रत्येक तबकडीने टिपलेला संकेत प्रकाशतंतूंच्या तारांवरून मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथे वेळेचा फरक काढून ते संकेत एकमेकांशी जुळवले जातात आणि तेव्हा कुठे आकाशाचे स्पष्ट चित्र उमटते. यात जुळवणी महत्त्वाची आहे. संकेत नुसते एका खोलीत आणून टाकले असते, तर गोंगाटच हाती लागला असता.

व्यवसायाच्या माहितीसाठी पूर्वी दोन व्यवस्था असत. एक कोठार: त्यात निवडून, पाखडून, आकड्यांच्या तक्त्यांतच माहिती ठेवायची. दुसरा तलाव: त्यात फोटो, पत्रे, उपग्रहाची चित्रे, जे येईल ते सोडायचे. कोठार महाग आणि ताठर, तर तलावात गाळ साचायचा. गेल्या काही वर्षांत या दोन्हींची सांगड घातली गेली आणि त्यावरच अहवाल, अंदाज आणि कृत्रिम बुद्धिमत्ता चालवायची सोय झाली. यालाच एकात्मिक प्लॅटफॉर्म म्हणतात. स्नोफ्लेक, डेटाब्रिक्स, गूगलचे बिगक्वेरी आणि 2023 मध्ये आलेले मायक्रोसॉफ्ट फॅब्रिक ही त्यांतली ठळक नावे. ‘क्लाउड’ म्हणजे आकाशातले ढग नव्हेत. दुसऱ्याच्या इमारतीतली यंत्रे आपण भाड्याने वापरतो, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याच जिल्ह्यात याचा प्रयोग झाला आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसाच्या शेतात जमिनीतले संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रह यांची माहिती क्लाउडवर एकत्र केली. पाणी केव्हा, खत किती, रोग कुठे, याचे सल्ले शेतकऱ्याच्या मोबाइलवर येऊ लागले. जानेवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा आवर्जून उल्लेख केला. तिथे गोष्ट फडापासून सुरू झाली, हे ध्यानात घ्या. आधी प्रश्न होता, मग संवेदक आले, मग क्लाउड. आपल्याकडे बहुधा क्लाउड आधी विकत घेतात आणि प्रश्न मागाहून शोधतात.

मग पारख कशी करावी? पहिली कसोटी नावांची. माझेच सांगतो. माझ्या वडिलांचे नाव सरकारी कागदांवर कुठे ‘महंमद’, कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मोहमद’, तर कुठे नुसतेच ‘मो.’ असे लिहिलेले होते. त्यांच्या पश्चात एक किरकोळ रक्कम मिळवताना हे चौघे एकच गृहस्थ होते, हे सिद्ध करायला मला दोन वर्षे हेलपाटे घालावे लागले. समोरचा कारकून निदान मनात हसत तरी होता. यंत्र हसत नाही. ते चार माणसे मोजते, चौघांचा ऊस वेगळा धरते आणि ठाम आवाजात चुकीचे उत्तर देते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? राज्यात आता शेतकऱ्यांना ओळख क्रमांक दिले जात आहेत, त्याचा इथे उपयोग होईल. पण जुन्या वह्यांतली नावे माणसांनीच बसून जुळवावी लागतील. विक्रेत्याला सांगा, ‘आमचीच पाच हजार नावे घ्या आणि जुळवून दाखवा.’ त्याने घरून आणलेल्या नमुन्यावर भुलू नका.

दुसरी कसोटी अर्थाची. ‘शिल्लक ऊस’ म्हणजे गट कार्यालयाच्या लेखी नोंदलेला पण न तोडलेला आणि काट्याच्या लेखी तोडलेला पण न मोजलेला असेल, तर यंत्राने कुणाचे ऐकावे? प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ ठरवून तो प्लॅटफॉर्ममध्ये नोंदवण्याची सोय आहे का, हे विचारा. कवितेत एका शब्दाला दोन अर्थ असले तर शोभा येते, हिशेबात मात्र तंटा होतो.

तिसरी कसोटी बिलाची. शेतीपंपाचे बिल कुणाला हॉर्सपॉवरवर येते, कुणाला मीटरवर. इथेही तसेच आहे. कुणी ठरावीक क्षमतेचे भाडे घेतो, कुणी यंत्र किती वेळ चालले ते मोजतो, कुणी प्रत्येक प्रश्नासाठी किती माहिती चाळली त्याचे पैसे लावतो. गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेले महिने यंत्र निजून असताना बिल किती, हे लेखी घ्या. खर्चाची मर्यादा ओलांडली की सूचना मिळेल, अशी व्यवस्थाही मागा.

चौथी कसोटी बाहेर पडण्याच्या वाटेची. पाच वर्षांनी दुसरीकडे जायचे ठरले, तर आपली माहिती आपल्याला कोणत्या रूपात आणि किती खर्चात परत मिळेल? पार्केसारख्या खुल्या रचनेत ती साठवली असेल, तर दुसरे यंत्रही ती वाचू शकते. युरोपीय संघाने सप्टेंबर 2025 पासून लागू केलेल्या डेटा कायद्यात क्लाउड बदलण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने संपवण्याची तरतूद आहे. म्हणजे ही धास्ती फक्त आपल्या मनातली नाही. आपल्याकडे मात्र करारातच तसे लिहून घ्यावे लागेल.

पाचवी कसोटी विश्वासाची. सभासदाचे क्षेत्र, कर्ज, बँक खाते ही त्याच्या घरातली गोष्ट आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे पुण्या-मुंबईत आहेत, त्यामुळे माहिती देशात ठेवणे अवघड नाही. पण ती कोण पाहू शकतो, कुणी केव्हा पाहिली याची नोंद राहते का, आणि विक्रेता तीच माहिती स्वतःचे यंत्र शिकवायला वापरणार का, हे विचारलेच पाहिजे. सभासदाची संमतीही त्याला कळेल अशा मराठीत घ्यायला हवी.

शेवटची कसोटी माणसांची. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे शिकलेल्या दोन पोरांना संस्थेत नोकरी देऊन ही व्यवस्था सांभाळायला शिकवा. नाहीतर प्रत्येक बारीकसारीक दुरुस्तीसाठी विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागेल. सुरुवात एका गटापासून आणि एका प्रश्नापासून करा. एक हंगाम यंत्राचा अंदाज आणि अनुभवी शेतकी अधिकाऱ्याचा अंदाज शेजारी शेजारी लिहून ठेवा. हंगामाच्या शेवटी दोघांची प्रत्यक्ष वजन-उताऱ्याशी तुलना करा आणि ती सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा. पुढचे पैसे त्यानंतरच मंजूर करा.

त्या सभेत मागच्या रांगेत बसलेला एखादा दोन एकरांचा सभासद उठून विचारेल, ‘माझी पाळी मागे का गेली?’ त्याला ‘कॉम्प्युटरने तसे सांगितले’ हे उत्तर चालणार नाही. कोणत्या नोंदीवरून ती मागे गेली हे त्याला दाखवता आले पाहिजे, आणि नोंद चुकली असेल तर ती त्याच्यादेखत दुरुस्त करता आली पाहिजे. जो प्लॅटफॉर्म एवढे करू देतो, तो घ्यावा. नाव त्याचे काहीही असो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)