ब्रुसेला लस

गाईंच्या सांसर्गिक गर्भपातास प्रतिबंध करणारी, क्षीणित उत्परिवर्ती जीवाणूंची जिवंत लस. हा रोग ब्रुसेला ॲबॉर्टस या जीवाणूमुळे होतो. डॅनिश पशुवैद्य बेर्नहार्ट बांग यांनी 1897 मध्ये तो शोधून काढला. रोगट गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, जार अडकून राहते, आणि दुधातून व स्रावांतून जीवाणू बाहेर पडत राहतात. माणसास कच्च्या दुधातून किंवा जार हाताळताना संसर्ग होऊन दीर्घकाळ चढउतार होणारा ताप येतो.

लसीतील ‘प्रकार 19’ हा वाण कोणी हेतुपुरस्सर घडविलेला नाही. जॉन बक यांनी 1923 मध्ये जर्सी गाईच्या दुधातून वेगळे केलेले जीवाणू प्रयोगशाळेत वर्षभराहून अधिक काळ नेहमीच्या तापमानात राहून गेले. पुढे तपासता त्यांची रोगकारकता घटलेली, मात्र प्रतिकारक्षमता निर्माण करण्याचा गुण टिकलेला आढळला. पुढे या वाणाच्या जनुकांत 702 न्यूक्लिओटाइडांचा तुकडा गळालेला दिसून आला. एरिथ्रिटॉल ही गाईच्या जारेत विपुल असणारी शर्करा-अल्कोहॉल मूळ जीवाणूस पोषक ठरते. या उत्परिवर्ती वाणाची वाढ मात्र तिच्यामुळे खुंटते. क्षीणतेचे हे एकमेव कारण मानता येत नाही.

लस 4 ते 8 महिने वयाच्या कालवडी व पारड्या यांनाच देतात. गाभण जनावर तिच्यामुळे गाभडू शकते आणि नरांत वृषणदाह संभवतो. टोचताना सुई स्वतःस लागल्यास टोचणाऱ्यासही संसर्ग होतो. मोठ्या वयात टोचल्यास रक्तात प्रतिपिंडे दीर्घकाळ राहतात; मग रोगी गाय व टोचलेली गाय यांतील फरक रक्तपरीक्षेने करणे कठीण होते. ‘आरबी 51’ या नंतरच्या वाणात पृष्ठभागावरील बहुशर्करा-शृंखला नसल्याने ही अडचण उद्भवत नाही. परंतु तो रिफॅम्पिसीनला दाद देत नाही, आणि हे औषध माणसांच्या उपचारात महत्त्वाचे आहे.

जुन्नर तालुक्यातील आळेफाटा येथे संकरित गाईंचा बाजार भरतो. अशा ठिकाणी वरकरणी निरोगी दिसणारी गाय रोग घेऊन गोठा बदलते. विकत घेणाऱ्यास ते पहिले वासरू गेल्यावरच कळते. म्हणून खरेदीपूर्वी रक्त तपासणे व नवी गाय काही काळ वेगळी बांधणे इष्ट असते. केंद्र शासनाने 2019 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात कालवडींच्या ब्रुसेला लसीकरणाचा समावेश करण्यात आला. रोग जडलेल्या गाईस मात्र ही लस बरे करीत नाही.