शाळेच्या परसबागेत काय लावावे?

मृग लागला की शाळेच्या परसबागेत काय लावावे, अशी पृच्छा शिक्षकबंधू-भगिनींकडून होऊ लागते. उत्तर देण्यापूर्वी आम्ही उलट दोन गोष्टी विचारतो : जेवणारी मुले किती, आणि दिवाळीची सुट्टी केव्हा लागते? जमिनीचा पोत त्यानंतर पाहावा.

प्रस्तुत लेखक शिक्षक म्हणून नवा असताना त्याने हौसेने कोबी व फ्लॉवर लावला होता. गड्डे भरण्याच्या ऐन वेळी सुट्टी लागली. परत येऊन पाहतो तो काही गड्डे अळीने पोखरलेले, उरलेले गुरांनी फस्त केलेले. ज्या मुलांनी रोज डब्याडब्याने पाणी घातले, त्यांपैकी एकानेही त्या वर्षी पुन्हा डबा हाती धरला नाही. दोष मुलांचा नव्हता. निवड चुकली होती.

प्रथम हिशोब करावा. पोषण आहाराच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज 50 ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास 75 ग्रॅम भाजी अपेक्षित आहे. 60 मुलांच्या प्राथमिक शाळेस म्हणजे रोज 3 किलो. पाव गुंठ्याची, सुमारे 25 चौरस मीटरची, बाग ही रोजची गरज भागवू शकणार नाही, हे आरंभीच मान्य करावे. बाजारातील कांदा-बटाट्यातून जे अल्प मिळते, ते या बागेने पुरवावे. आणि ते मुख्यतः पालेभाजीत असते.

म्हणून लाल माठास अग्रस्थान द्यावे. तो 25 ते 30 दिवसांत काढणीस येतो. 3 चौरस मीटरच्या वाफ्यातून साधारणतः 3 किलो, म्हणजे वरील शाळेची एका दिवसाची भाजी मिळते. असे तीन वाफे दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरावेत व रिकामा झालेला वाफा पुन्हा पेरावा, म्हणजे दर दहा दिवसांनी ताटात माठ येईल. बी अतिशय बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून पेरावे. काळ्या जमिनीत पाणी साचते, तेथे गादीवाफा करावा. मेथीचा मोह पावसाळ्यात आवरावा, ती सडते. तिची वेळ दिवाळीनंतरची.

फळभाज्यांत भेंडी उत्तम. जूनअखेर टोकल्यास ऑगस्टच्या मध्यास फळ लागते व सुट्टीपूर्वी बहुतेक बहर आटोपतो. मात्र ती एक दिवसाआड खुडलीच पाहिजे, अन्यथा जून होते. शनिवारी खुडून सोमवारी शिजविण्याची व्यवस्था करावी.

सुट्टीवरचा खरा उपाय म्हणजे लाल भोपळा. पावसाच्या आरंभी कुंपणाशी दोन आळी करावीत. वेल फार जागा व्यापतो. तो वाफ्यांत शिरू न देता कुंपणावर चढवावा. फळे सुट्टीच्या सुमारास पिकतात, आणि देठासह काढून कोरड्या जागी ठेवल्यास न चिरलेला भोपळा दोन-तीन महिने सहज टिकतो. बाग सुकलेली असतानाही शाळेत भाजी शिल्लक राहते.

कोपऱ्यात शेवग्याचे एक झाड असावेच. हात-दोन हात वाढताच शेंडा खुडावा, म्हणजे पाला हाताशी राहतो. तो वरणात घालता येतो. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, म्हणून मुलांस झाडावर चढू देऊ नये. हात धुण्याच्या जागी, साबणाचे पाणी वेगळे काढता येत असेल तर, अळू लावावे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मात्र आधी विचारावे. चिंच घालून नीट न शिजविलेल्या अळूने एकदा घसा खवखवला, तर मुले वर्षभर त्या भाजीस शिवत नाहीत.

बियाणे शक्यतो गावातील जुन्या बायकांकडून मागून आणावे. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी तसेच उतरत नाही. गावठी वाणाचे बहुधा उतरते. भेंडीच्या दोन जोमदार झाडांस चिंधी बांधावी व त्यांची फळे खुडू नयेत. ती झाडावरच वाळली की मुलांकडून बी काढवून, राखेत घोळून, कोरड्या डब्यात भरावे आणि डब्यावर वर्ष लिहावे.