पाठ केलेले इंग्रजी गल्ल्यावर चालत नाही

ईदच्या तोंडावर लुंगी आणि टॉवेलचा माल भरून ठेवण्याची आपल्या धंद्यात पद्धत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच घाईत मी तमिळनाडूतील इरोडच्या एका पेढीला फोनवर ऑर्डर दिली. पलीकडच्या माणसाला हिंदी येत नव्हते, मला तमिळ येत नाही, तेव्हा बोलणे इंग्रजीतच झाले. मी पंधरा डझन सांगितले, माल आला पन्नास डझन. चूक त्या माणसाची नव्हती. माझ्या तोंडून निघालेले 'फिफ्टीन' त्याच्या कानाला 'फिफ्टी' ऐकू गेले. त्याने बिचाऱ्याने दोनदा खात्री करून घेतली, आणि तो काय विचारतो आहे हे न समजता मी दोन्ही वेळा 'येस, येस' म्हणत राहिलो. उरलेल्या ३५ डझन लुंग्या खपवताना पुढची ईद उजाडली.

आता मी अगदीच निरक्षर नाही. शिक्षण उर्दू माध्यमात झाले असले तरी पाचवीपासून इंग्रजी होते. बिल वाचता येते, बिल्टी वाचता येते, पत्राचा मतलब कळतो. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. आपल्यापैकी अनेकांची हीच अवस्था आहे, आणि नव्या पिढीची फार वेगळी नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आज दुकानात बसणारा विशीतला मुलगा दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो, पण गिऱ्हाइकाने इंग्रजीत भाव विचारला की तो माझ्याकडे बघतो.

याचे कारण काय, हे मला आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी समजावले. संध्याकाळी ते दुकानात येऊन बसतात. सर म्हणाले, "तुम्ही शाळेत मुकालमा पाठ करायचा ना? तोच सगळा घोटाळा." उर्दू शाळेत शिकलेल्यांना मुकालमा आठवत असेल. दोन मुले समोरासमोर उभी राहून पुस्तकातले संभाषण घडाघडा म्हणत. उच्चार सुधारायला, स्टेजची भीती घालवायला त्याचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण त्यात दोघांनाही समोरचा काय बोलणार हे आधीच ठाऊक असते. ऐकण्याची गरजच पडत नाही. बाजारात नेमके उलटे असते, समोरचा काय बोलेल याचा काही भरवसा नसतो. इरोडच्या फोनवर मी बोलण्यात फसलो नाही, ऐकण्यात फसलो.

यावर उपाय म्हणून सरांनी जी रीत सांगितली तिला इंग्रजीत रोल-प्ले म्हणतात. शिक्षणशास्त्राची पुस्तके तिला भूमिकाभिनय म्हणतात. नावाला घाबरू नये. लहानपणी आपण सगळे दुकान-दुकान खेळलो आहोत. खडे म्हणजे पैसे, पाने म्हणजे कापड, एक जण शेठ, एक जण गिऱ्हाईक. त्या खेळात कोणी संवाद पाठ करून येत नसे, पण घासाघीस मात्र खऱ्या बाजारासारखी व्हायची. रोल-प्ले म्हणजे हाच खेळ, मोठेपणी आणि इंग्रजीतून.

खेळाची सगळी गंमत चिठ्ठ्यांत आहे. दोघांना दोन वेगळ्या चिठ्ठ्या द्यायच्या. एकाला माहीत असलेले दुसऱ्याला माहीत नसले पाहिजे. आमच्या दुकानातील पहिली चिठ्ठी मी जशीच्या तशी देतो. कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर, आणि शिर्डी येथून जवळ. तिथे हॉटेले वाढली, २०१७ च्या ऑक्टोबरात काकडीचे विमानतळ सुरू झाले, आणि आंध्र, तेलंगणा, तमिळनाडूकडची माणसे तर तिथे आधीपासून येतातच. म्हणून आम्ही प्रसंग घेतला हॉटेलच्या चादरींचा.

गिऱ्हाइकाची चिठ्ठी अशी: "तुम्ही हॉटेलचे मॅनेजर. ८० पांढऱ्या चादरी हव्यात. एका चादरीला ४०० रुपयांच्या वर द्यायची मालकाची परवानगी नाही. माल शुक्रवारच्या आत पाहिजे. मागच्या वेळी दुसरीकडून घेतलेल्या चादरी धुतल्यावर आटल्या होत्या."

दुकानदाराची चिठ्ठी: "भाव ४५०. शंभर नग घेतले तर ४१० पर्यंत उतरता येईल, त्याखाली नाही. दुकानात आज ५० नग आहेत, बाकीचे सोमवारी येतील. कापड आधीच आटवलेले आहे, पण गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय सांगायचे नाही."

बघा, दोन चिठ्ठ्या मिळून सौदा सहज जुळत नाही. दहा रुपयांचा फरक राहतो, माल तीस नगांनी कमी पडतो, आणि आटण्याची शंका मॅनेजरच्या मनात असूनही ती त्याने स्वतः काढली नाही तर तशीच राहते. आता बोलल्यावाचून गत्यंतर नाही. ही अडचणच माणसाला बोलते करते. चिठ्ठ्यांत अशी अडचण नसेल तर दोन मिनिटांत 'हाऊ मच', 'फोर हंड्रेड', 'थँक यू' होऊन खेळ संपतो आणि कोणी काही शिकत नाही.

माझा पुतण्या मॅनेजर झाला होता, दुकानातला एक नोकर मुलगा दुकानदार. भावापर्यंत गाडी बरी चालली. आटण्याचे विचारायची वेळ आली आणि पुतण्या अडला. 'आटणे' याला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला माहीत नव्हते. त्याने सरांकडे पाहिले, सरांनी मुद्दाम मान फिरवली. मग दोन्ही हातांनी चादर ताणल्यासारखे करून, हात जवळ आणत तो म्हणाला, "आफ्टर वॉश, स्मॉल?" समोरचा ताबडतोब, "नो नो, नो स्मॉल, सेम!" दुकानात हशा पिकला, पण काम झाले होते. खेळ संपल्यावर सरांनी शब्द दिला: 'श्रिंक'. "विल इट श्रिंक?" एवढे तीन शब्द. पुतण्या तो शब्द आता जन्मात विसरणार नाही, कारण त्याला तो हवा होता तेव्हा मिळाला. शब्दांची यादी पाठ करून हे होत नाही.

यावरून चुका केव्हा दाखवायच्या हेही समजते. बोलणे चालू असताना टोकायचे नाही. टोकले की माणूस गप्प होतो, आणि आपल्यासारख्या वयाच्या माणसाला तर चारचौघांत शरम वाटते. उर्दूत ज्याला झिझक म्हणतात तीच इंग्रजीच्या वाटेतला मोठा दगड आहे. सर कागदावर टिपून ठेवतात आणि शेवटी फक्त दोन-तीन चुका सांगतात, त्याही नाव न घेता. आम्ही उर्दू बोलणारे 'इस्टॉक', 'इस्टेशन' म्हणतो. मी विचारले, हे आधी सुधारायला नको का? सर म्हणाले, राहू द्या. 'इस्टॉक' म्हटल्यामुळे कोणाची ऑर्डर गेल्याचे ऐकले आहे का?

तिसरा माणूस फुकट बसवू नये. त्याला काम द्यावे. आमच्याकडे सौदा झाल्यावर दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे न पाहता आपापल्या वहीत लिहितात: किती नग, काय भाव, कोणत्या तारखेला, भाडे कोणाकडे. मग तिसरा दोन्ही वह्या ताडून पाहतो. नोंदी जुळल्या तर इंग्रजी पास, व्याकरण कसेही असो. नाही जुळल्या तर कुठे घोटाळा झाला ते शोधायचे. पहिल्या महिन्यात किती वेळा नोंदी जुळल्या नाहीत, ते सांगायला मला संकोच वाटतो.

आकड्यांचे दुखणे या वह्यांतूनच उघडे पडले. फिफ्टीन-फिफ्टी, थर्टीन-थर्टी, सेव्हन्टीन-सेव्हन्टी, सगळ्या जोड्या घातकी. शिक्षक सांगतात की 'फिफ्टीन'मध्ये जोर शेवटी असतो आणि 'फिफ्टी'मध्ये आरंभी. खरे आहे, पण पुढे 'डझन'सारखा शब्द आला की इंग्रज लोकही 'फिफ्टीन'वरचा जोर पुढे ओढतात. तेव्हा जोरावर विसंबण्यापेक्षा आकडा सुटा करून सांगावा: 'फिफ्टीन, वन-फाइव्ह'. पलीकडच्याने आकडा उलट वाचून दाखवला की आपण 'येस' न म्हणता तोच आकडा पुन्हा म्हणावा.

दुसरे, दीड आणि अडीच. आपल्या तोंडात हे शब्द इतके रुळले आहेत की इंग्रजीत त्यांना स्वतंत्र शब्दच नाहीत, हे ध्यानात येत नाही. दीड मीटर म्हणजे 'वन अँड अ हाफ मीटर्स', अडीच म्हणजे 'टू अँड अ हाफ'. घाईत जीभ 'अँड अ हाफ' गिळते आणि कापड अर्धा मीटर कमी फाडले जाते. परदेशी गिऱ्हाईक यार्डात बोलत असेल तर आणखी सावध राहावे. यार्ड म्हणजे आपला जुना वार. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, हजार यार्डांच्या ऑर्डरीत ८५ मीटरांहून जास्त फरक पडतो. आमच्या एका चिठ्ठीत गिऱ्हाईक यार्ड म्हणते आणि दुकानदाराला ते पकडायचे असते.

अदबीचा प्रश्नही आहे. उर्दूत 'आप' आहे, मराठीत 'आपण' आहे, इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. म्हणून आपण मनातले वाक्य उचलून 'गिव्ह मी अ‍ॅड्रेस' म्हणतो, ते समोरच्याला हुकूम वाटतो. इंग्रजीत अदब क्रियापदाच्या आधी येते: 'कुड यू गिव्ह मी युवर अ‍ॅड्रेस, प्लीज'. हे पुस्तकात वाचले होते, पण सर स्वतः गिऱ्हाईक झाले आणि माझे 'गिव्ह मी' ऐकून दुकानातून उठून बाहेर गेले, तेव्हा खरे समजले.

फोनच्या सरावासाठी दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे. तोंड दिसत नाही, हातवारे चालत नाहीत, केवळ कानावर भिस्त. समोरासमोर छान बोलणारा माणूस इथे पहिल्या दिवशी हमखास अडखळतो. 'पार्डन?', 'कॅन यू रिपीट दॅट, प्लीज?' ही दोन वाक्ये या खेळात आधी तोंडात बसवावीत. माझ्याजवळ तेव्हा ती असती तर लुंग्यांचा ढीग झाला नसता.

हे काही आमच्या सरांच्या डोक्यातून निघालेले नाही. भाषा वापरता वापरता येते, हा विचार १९७० नंतर जगभर पसरला. आपल्याच देशात डॉ. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत जो प्रयोग केला, तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. मुलांना व्याकरणाऐवजी वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टी देऊन त्यांतून उत्तर काढायला लावायचे. लक्ष कामावर आणि इंग्रजी त्या ओघात. प्रभूंचा भर सोंग घेण्यावर नव्हता, विचार करण्यावर होता. पण डोके कामात गुंतले की जीभ मोकळी होते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. महाराष्ट्रात शासन, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी २०१६ मध्ये 'तेजस' प्रकल्प सुरू केला, त्यात प्राथमिक शिक्षकांचे गट करून त्यांनाच आपसात चर्चा आणि सराव करायला लावला होता. शिक्षक बोलला तर मूल बोलेल, एवढा साधा हिशेब.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्याला इंग्रजीचा एकही शब्द येत नाही, त्याला चिठ्ठी देऊन उपयोग नाही. आधी वीस-पंचवीस वाक्ये, १ ते १०० आकडे, रंगांची आणि मालाची नावे यायला हवीत. दुसरे म्हणजे, आम्ही सगळे एकाच गावचे. 'आफ्टर वॉश, स्मॉल' हे कोल्हारच्या मुलाला समजले, कारण दोघेही मनात एकच भाषा बोलत होते. तमिळ किंवा तेलुगू माणसाला ते समजेलच असे नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी बाहेरचा माणूस गाठावा. आम्ही आता ज्या पेढ्यांशी व्यवहार आहे, त्यांना सोप्या चौकशीचे फोन मुलांनाच करायला लावतो: माल निघाला का, कोणत्या ट्रान्सपोर्टने, किती गाठी.

शहरांतले काही स्पोकन इंग्लिशचे वर्ग छापील संवाद हाती देतात आणि तेच पाठ करून घेतात. मीही एकदा फी भरून असे तीन महिने काढले आहेत. मुकालमाच तो, फक्त महाग. फी भरण्यापूर्वी एक दिवस मागे बसून पाहावे: तासभरात शिक्षक किती वेळ बोलतो आणि शिकणारे किती वेळ.

चिठ्ठ्या ज्याने त्याने आपल्या धंद्याच्या कराव्यात. टेलरने फिटिंगची तक्रार घ्यावी, गॅरेजवाल्याने परप्रांतीय गाडी रस्त्यात बंद पडल्याचा प्रसंग घ्यावा. घरी बसून शिलाई-भरतकाम करणाऱ्या आमच्या भगिनींना व्हॉट्सअ‍ॅपवर बाहेरगावच्या ऑर्डरी येऊ लागल्या आहेत. त्यांनी एकमेकींना व्हॉइस मेसेज पाठवून हाच खेळ खेळावा, बाहेर पडायचीही गरज नाही. बसायला वेळ किती लागतो? आम्ही रात्री शटर ओढल्यावर पंधरा मिनिटे बसतो. वन-फाइव्ह. गेल्या आठवड्यात पुतण्याने माझ्या हाती चिठ्ठी दिली: "चाचा, आज तुम्ही रागावलेले गिऱ्हाईक. पन्नास डझन आले आहेत, तुम्ही पंधरा मागितले होते." मी दहा मिनिटे भांडलो, इंग्रजीतून, आणि २० डझन परत घ्यायला लावले.