‘नावाने’ म्हणजे कुणाच्या नावावर?

पाणी आणि शब्द : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण पाण्यापाशी थांबलो होतो. बाप्तिस्मा शिंपडून घ्यायचा, डोक्यावर ओतून की बुडवून, याबद्दल वेगवेगळ्या मंडळ्यांचं काय म्हणणं आहे ते पाहिलं. आज त्या पाण्याबरोबर उच्चारल्या जाणाऱ्या वाक्याकडे वळू.

तो लेख वाचून रिसोडकडचे एक गृहस्थ मला भेटायला वाशिमला आले. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून आधी रेशनकार्ड निघालं, मग सातबारा, आणि सगळ्यात शेवटी चार घड्यांचा एक कागद : त्यांच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला. घड्यांवर कागद विरला होता. मागून लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती. नाव, वडिलांचं नाव, गाव, तारीख, पाळकांची सही. शाई कधीकाळी निळी असावी, आता तपकिरी दिसत होती.

त्यांच्या गावी प्रार्थनेला येणाऱ्या एका प्रचारकाने त्यांना सांगितलं होतं की, ‘पिता, पुत्र, पवित्र आत्मा’ असं म्हणून घेतलेला बाप्तिस्मा देवापुढे धरला जात नाही. प्रेषितांनी दिला तो ‘येशूच्या नावाने’. तेव्हा सगळ्या घराने पुन्हा पाण्यात उतरावं.

“आम्ही उतरू हो,” ते म्हणाले, “पण आजोबा आता कुठून उतरणार?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आणि प्रचारकाचं म्हणणंही मनचं नाही, हे आधी प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी (२८:१९) येशू शिष्यांना पाठवतो तेव्हा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगतो. पण ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडलं की पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या म्हणतो (२:३८). शोमरोनात तेच (८:१६), कर्नेल्याच्या घरी तेच (१०:४८), इफिसात तेच (१९:५). तिहेरी नाव घेऊन बाप्तिस्मा दिल्याचा उल्लेख या पुस्तकात एकदाही नाही.

या तफावतीवरून मोठी फूट पडली ती विसाव्या शतकात. एप्रिल १९१३ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या अरोयो सेको इथे पेन्टेकॉस्टल लोकांची मोठी शिबिरसभा भरली होती. आर. ई. मॅकअलिस्टर नावाच्या कॅनेडियन प्रचारकाने बाप्तिस्म्याआधीच्या प्रवचनात जाता जाता म्हटलं की, प्रेषितांनी तीन नावं घेऊन बाप्तिस्मा दिलेला दिसत नाही. पुढच्याच वर्षी फ्रँक युअर्ट आणि ग्लेन कुक या दोघांनी एकमेकांना येशूच्या नावाने नव्याने बाप्तिस्मा दिला. हे लोण इतकं पसरलं की १९१६ साली सेंट लुईसच्या अधिवेशनात ‘असेम्ब्लीज ऑफ गॉड’ या पेन्टेकॉस्टल मंडळीने त्रैक्याची, म्हणजे एका देवात तीन व्यक्ती या शिकवणीची, बाजू घेतली आणि दीडशेहून अधिक पाळक बाहेर पडले. त्यांच्या परंपरेतल्या मंडळ्यांना ‘वननेस’ किंवा ‘केवळ येशू’वाल्या म्हणतात. त्यांच्यासाठी प्रश्न नुसत्या वाक्याचा नाही. पिता, पुत्र, आत्मा ही एकाच देवाची प्रकटनं आणि त्याचं नाव येशू, असा त्यांचा विश्वास आहे. मत्तयात तिघांचा उल्लेख असूनही ‘नावाने’ हा शब्द एकवचनी आहे, ‘नावांनी’ असा नाही, यावर ते बोट ठेवतात. आपल्या मराठी बायबलातही ते एकवचन तसंच आहे. गंमत अशी की त्रैक्य मानणारेही त्याच एकवचनाकडे बोट दाखवतात : व्यक्ती तीन, देव एक, म्हणून नाव एक.

आता आपल्या भागाकडे येऊ. वाशिम-बुलढाण्याकडे अमेरिकेतून येऊन रुजलेली मंडळी नाझरीन. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल तिचंच. पूर्वी तिच्या नावात ‘पेन्टेकॉस्टल’ हा शब्द होता. अन्य भाषांत बोलणाऱ्या नव्या चळवळीशी गल्लत होऊ नये म्हणून १९१९ साली तो काढून टाकला. पाण्याच्या बाबतीत ही मंडळी मोकळी आहे. शिंपडणं, ओतणं, बुडवणं यांतलं काहीही चालतं, बाळाचाही बाप्तिस्मा होतो. शब्द मात्र ठरलेले : पिता, पुत्र व पवित्र आत्मा.

आता त्या ‘नावाने’कडे जरा जवळून पाहू. माझ्या मते वादाची गाठ तिथेच आहे.

मराठीत या शब्दाला आपण फार राबवतो. पितरांच्या नावाने पान वाढतो, कुणाच्या तरी नावाने खडे फोडतो, पावती भावाच्या नावाने फाडतो. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्ये, तसंच शोमरोन आणि इफिसच्या प्रसंगांत, शब्द आहेत ‘एइस तो ओनोमा’. त्यात ‘कडे, आत’ अशी दिशा आहे. विल्हेल्म हाइटम्युलर या जर्मन अभ्यासकाने १९०३ साली दाखवून दिलं की त्या काळच्या व्यवहारात हेच शब्द रक्कम किंवा मालमत्ता कुणाच्या खात्यावर चढवताना वापरत. म्हणजे आपल्याकडचा फेरफार. शेत तेच, बांध तोच, धुऱ्यावरचा निंबही तोच, फक्त मालकाच्या रकान्यात नाव बदललं. सगळ्या अभ्यासकांना हे पटलं नाही. काहींनी या शब्दांचं मूळ हिब्रू ‘लशेम’मध्ये, म्हणजे ‘च्या संबंधाने, च्यासाठी’ या अर्थात शोधलं. पण दोन्हीकडून एक गोष्ट निघते : बाप्तिस्मा घेणारा माणूस कुणाच्या तरी नावावर होतो.

मी त्या गृहस्थांच्या मांडीवरचा सातबारा उचलून त्यांना हेच सांगितलं. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

दुसरी गोष्ट लूकची, म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणाऱ्याची. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र बोलतो तेव्हा ग्रीक अव्यय ‘एपि’ आहे, कर्नेल्याच्या घरी ‘एन’, शोमरोनात आणि इफिसात ‘एइस’. नावही कुठे ‘येशू ख्रिस्त’, कुठे ‘प्रभू येशू’. पाण्यात उभं राहून म्हणायचं ठरावीक वाक्य लूकला नोंदवायचं असतं, तर त्याने ते असं चार ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलं नसतं. हा बाप्तिस्मा येशूआधी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा नव्हे, येशूचा, एवढंच त्याला सांगायचं आहे, असं मला वाटतं. इफिसातला प्रसंग तर बोलकाच आहे. पवित्र आत्मा आहे हेसुद्धा आम्ही ऐकलं नाही, असं तिथले शिष्य म्हणतात आणि पौल लगेच विचारतो, मग तुम्ही बाप्तिस्मा कशाचा घेतला? बाप्तिस्म्याच्या वेळी आत्म्याचं नाव कानावर पडणारच, अशी त्याची अपेक्षा असल्याशिवाय हा प्रश्न सुचत नाही. ‘डिडाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत सातव्या प्रकरणात तिहेरी नाव सांगितलं आहे आणि दोनच प्रकरणांनंतर ‘प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेले’ असा उल्लेख येतो. लिहिणाऱ्याला त्यात विसंगती दिसली नव्हती.

शब्द चुकले तर काय, हा प्रश्नही जुनाच. आठव्या शतकात बव्हेरियातल्या एका अल्पशिक्षित धर्मगुरूने लॅटिनची लिंगं बिघडवून ‘पात्रिया’, ‘फिलिया’ असं काहीतरी म्हणत बाप्तिस्मे दिले. तिथे काम करणाऱ्या मिशनरी बिशप बोनिफासला ते चालेना. इ. स. ७४६ मध्ये पोप झकारियस यांनी त्याला कळवलं की तो माणूस पाखंडी नाही, फक्त भाषेत कच्चा आहे, पुन्हा बाप्तिस्मा देऊ नकोस. याच्या शेजारी ऑगस्ट २०२० ठेवून पाहा. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही देतो’ म्हटलं असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाही, असा निर्णय व्हॅटिकनने दिला. धर्मगुरूच्या मुखाने ख्रिस्तच बाप्तिस्मा देतो, समुदाय त्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्यामागचं कारण. डेट्रॉइटच्या एका तरुण फादरने स्वतःच्या बाळपणीचा व्हिडिओ लावला आणि ‘आम्ही’ ऐकलं. त्याच महिन्यात त्याला बाप्तिस्म्यापासून गुरुदीक्षेपर्यंत सगळे संस्कार नव्याने घ्यावे लागले. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर ‘मी’ही नाही. देवाच्या दासाचा बाप्तिस्मा होत आहे, असं म्हणतात, आणि रोमन कॅथलिक तो ग्राह्य धरतात.

मला कारण समजतं, पण कळवळा त्या फादरचा येतो, आणि त्याच्या हातून संस्कार घेतलेल्या लोकांचा.

आपल्या विदर्भात याच्या उलट दिशेने एक पाऊल पडलं होतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. तिच्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, फक्त जाणत्यांना देणारे बॅप्टिस्ट होते, आणि डहाणूकडे काम करणारे ब्रदरेनही होते. हे ब्रदरेन पाण्यात गुडघे टेकवून माणसाला पुढे वाकवून तीनदा बुडवत, प्रत्येक नावाला एकदा. एवढी भिन्न माणसं एकमेकांचे दाखले खरे मानायला तयार झाली.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे होतेच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन पद्धतीने, तिहेरी नावानेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची दोन वर्षं त्रैक्य आपल्याला पटत नाही म्हणून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून झुंजत राहिल्या. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या मंडळीत झाला, एखाद्या पंथात नव्हे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

म्हणून त्या गृहस्थांना मी माझं मत सरळ सांगितलं. येशूच्या नावाने ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांचा मी मानतो. तुमच्या आजोबांचाही मानतो. दुसऱ्याचा दाखला फाडून स्वतःचा खरा करता येत नाही.

त्यांनी कागद पुन्हा चार घड्या करून आधी पिशवीत सरकवला, त्यावर सातबारा, वर रेशनकार्ड. धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा मे महिन्यात आहे. पाळकसाहेब वाक्य म्हणतील तेव्हा मागे पाहुण्यांत बसणार नाही, अगदी पाण्याजवळ उभा राहीन, म्हणाले. नीट ऐकायचंय.

(पुढील आठवड्यात : बाप्तिस्म्यातलं नवं नाव आणि घरातलं जुनं नाव)