कॉम्प्युटरची डिग्री नाही, तरी आयटीत जाता येतं का? क्लासला पैसे भरण्याआधी हे वाचा

बीड : बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती सुरू होतात. ‘कोणतीही शाखा चालेल, सहा महिन्यांत आयटी नोकरी, शंभर टक्के जॉब गॅरंटी.’ बीए झालेला पोरगा ती जाहिरात वडिलांना दाखवतो. फी असते साठ हजार, ऐंशी हजार, कधी दीड लाख. मग घरात हिशेब सुरू होतो. कापसाचे पैसे कधी येतील, म्हैस विकायची का, सोसायटीचं कर्ज फिरवायचं का.

म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. प्रश्न दोन आहेत. कॉम्प्युटरची डिग्री नसताना आयटीत काम मिळतं का? आणि मिळत असेल तर त्यासाठी पैसा आधी लागतो का?

पहिल्याचं उत्तर होय, मिळतं. दुसऱ्याचं उत्तर नाही. आधी लागतो तो वेळ. पैशाचा नंबर नंतर येतो.

आयटी म्हणजे फक्त कोडिंग नव्हे

आपल्याकडे आयटी म्हटलं की इंजिनिअर आणि कोडिंग एवढंच डोळ्यापुढं येतं. प्रत्यक्षात कंपनीत अनेक प्रकारची कामं असतात.

टेस्टिंग : दुसऱ्याने बनवलेलं ॲप किंवा वेबसाइट नीट चालते का हे तपासणं. नवीन मोटार विहिरीत सोडली की आपण आधी चालू करून बघतो, पाणी किती फेकते, आवाज येतो का, गरम होते का. तसंच हे. चुका शोधायच्या आणि नीट लिहून कळवायच्या. चिकाटीच्या माणसाचं काम आहे.

सपोर्ट : कंपनीतल्या कुणाचा कॉम्प्युटर, इंटरनेट, पासवर्ड अडला तर फोनवर किंवा मेलवर सोडवून देणं. इथं बोलता आलं पाहिजे, थोडं इंग्रजी लागतं. बिगर कॉम्प्युटरवाल्यांना आत शिरायचं हे सगळ्यात जवळचं दार.

नेटवर्क आणि सर्व्हर : मोठमोठी यंत्रणा चालू ठेवणं. लिनक्स, नेटवर्किंग, क्लाउड हे शब्द इथले.

डेटा : समजा तालुक्यातले सगळे सातबारे एका ठिकाणी साठवलेत. त्यातून ‘दोन एकरांपेक्षा कमी जमीन आणि सोयाबीनचा पेरा’ असलेले शेतकरी क्षणात वेगळे काढायचेत. ते ज्या भाषेत काढतात तिला एसक्यूएल म्हणतात. चांगलं एक्सेल आणि एसक्यूएल येणाऱ्याला बँकेत, कारखान्यात, विमा कंपनीतही काम असतं.

डिझाइन आणि वेबसाइट : यात तर डिग्रीपेक्षा तुम्ही केलेलं कामच बघतात.

आपल्याच आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत यांचं उदाहरण अनेकांना माहीत आहे. इन्फोसिसमध्ये ते ऑफिस बॉय होते. नोकरी करता करता ग्राफिक्स आणि डिझाइन शिकले, पुढे स्वतःची कंपनी काढली. लॉकडाऊनमध्ये गावाकडं येऊन गोठ्याच्या जागेत काम सुरू ठेवलं आणि नंतर ‘शार्क टँक इंडिया’पर्यंत पोहोचले. पण ही गोष्ट ऐकताना मधली वर्षं विसरू नका. दिवसा नोकरी आणि रात्री शिकणं, असं ते चाललं. सहा महिन्यांत झालेलं काम नव्हे ते.

सरळ दारं कोणती?

बारावी झालेल्यांसाठी : एचसीएल कंपनीचा ‘टेकबी’ नावाचा कार्यक्रम आहे. बारावीला गणित किंवा बिझनेस मॅथ्स लागतं. परीक्षा, मुलाखत, मग प्रशिक्षण, त्यानंतर कंपनीतच नोकरी आणि सोबत पदवीचं शिक्षण अशी रचना आहे. प्रशिक्षणाला फी आहे आणि त्यासाठी कर्जाची सोयही सांगतात. त्यामुळे अटी कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच वाचा, मधल्या माणसाचं ऐकू नका. सुरुवातीचा पगार थोडा असतो. शहरात राहून हातात काय उरेल याचा हिशेब आधी करा.

बीएस्सीवाल्यांसाठी : विप्रोच्या ‘विल्प’ कार्यक्रमात बीसीए आणि बीएस्सी झालेल्यांना घेतात आणि नोकरी करत करत एमटेक करू देतात. टीसीएसचीही बीएस्सीवाल्यांसाठी वेगळी भरती असते. तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स किंवा गणित घेऊन बीएस्सी केलेल्या कितीतरी पोरांना हे माहीतच नसतं. ही भरती साधारण शेवटच्या वर्षात किंवा पास झाल्यावर लगेच असते. वर्ष वाया गेलं की दार बंद होतं, हे ध्यानात ठेवा.

बीए, बीकॉमवाल्यांसाठी : मोठ्या कंपन्यांच्या बीपीएस विभागात, म्हणजे बँका-विमा कंपन्यांचं कामकाज सांभाळणाऱ्या विभागात, या पदव्या चालतात. हे थेट सॉफ्टवेअरचं काम नव्हे. पण कंपनीत पाय ठेवायला जागा मिळते आणि आत गेल्यावर शिकून बाजू बदलता येते.

दहावीवाल्यांसाठी : आयटीआयचा ‘कोपा’ ट्रेड आहे, एक वर्षाचा. सरकारी आयटीआयत फी कमी असते. त्यानंतर अप्रेंटिसशिप करता येते. अप्रेंटिसशिपचं सरकारी पोर्टल आहे, तिथं नोंदणीला पैसे लागत नाहीत. पदवीधरांनाही अप्रेंटिसशिप मिळते.

इथं एक गैरसमज दूर करू. एमएस-सीआयटी झालं म्हणजे आयटीचा कोर्स झाला असं बरेच पालक समजतात. एमएस-सीआयटी हे कॉम्प्युटर वापरता येण्याचं शिक्षण आहे. सरकारी नोकरीला ते लागतं, म्हणून कराच. पण सॉफ्टवेअर कंपनीत त्याच्यावर नोकरी मिळत नाही.

आणखी एक. ‘डिग्री लागत नाही’ ऐकून चालू असलेली बीए-बीकॉम सोडू नका. कॉम्प्युटरची डिग्री नसली तरी अनेक कंपन्या कुठली का होईना पदवी मागतात. राहिली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करता करता पूर्ण करता येते.

आधी तीन महिने फुकट शिका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कुठल्याही क्लासला एक रुपया देण्याआधी तीन महिने, रोज दोन तास, फुकट शिकून बघा.

फुकट आणि चांगलं शिक्षण खरंच आहे. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ आहेत. त्यात लिनक्स, पायथॉनसारखे विषय आहेत आणि बऱ्याच विषयांचे व्हिडिओ मराठी आवाजातही आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत आहेत. फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरावी लागते. ‘इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड’ मोफत आहे. ‘फ्रीकोडकॅम्प’ मोफत आहे. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस फिफ्टी’ हा कोर्ससुद्धा मोफत बघता येतो. तो इंग्रजीत आहे आणि अवघड आहे, पण पाया पक्का करतो.

तीन महिन्यांत दोनपैकी एक गोष्ट कळते. एक तर पोराला गोडी लागते, अडलं तरी तो सोडत नाही. नाही तर पंधरा दिवसांत कंटाळा येतो. कंटाळा आला तर त्यात कमीपणा काही नाही. हे आपलं काम नाही एवढं फुकटात कळलं आणि घरचे लाख रुपये वाचले, असं समजायचं.

मोबाइलवर व्हिडिओ बघता येतात, पण हाताने काम करायला कॉम्प्युटर लागतो. नवा लॅपटॉपच पाहिजे असं नाही. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप शिकायला पुरतो. घेताना ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर आणि वॉरंटीसह घ्या. तोवर कॉलेजची लॅब, गावातलं सीएससी केंद्र किंवा मित्राचा कॉम्प्युटर यावर काम चालवा. लाइट रात्री येते म्हणून आपण रात्री दारं धरतोच की, तसंच शिकायचंही वेळापत्रक बसवता येतं.

दाखवायला काम पाहिजे

डिग्री नसलेल्याला मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, ‘तू काय केलंयस ते दाखव.’ इथं सर्टिफिकेटांची फाइल फारशी कामाला येत नाही. केलेलं काम येतं.

काम कुठून आणायचं? गावातूनच. दूध डेअरीवर फॅट आणि एसएनएफवरून दर निघतो. लिटर, फॅट, एसएनएफ टाकले की दहा दिवसांचं बिल तयार होईल असं एक्सेल बनवा. जमलं की तेच पायथॉनमध्ये करा. ऊसतोड टोळीची उचल, खाडे आणि टनाचा हिशेब ठेवणारं छोटं ॲप बनवा. किराणा दुकानाच्या उधारीचं बनवा. एखाद्या सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरताना काय काय अडतं त्याची नीट यादी करा. कुठलं बटण दाबलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, असं लिहा. हेच टेस्टिंगचं पहिलं काम.

असं केलेलं काम ‘गिटहब’ नावाच्या वेबसाइटवर मोफत ठेवता येतं आणि त्याची लिंक अर्जात देता येते. असे दोन-तीन खरे प्रकल्प मुलाखतीत जास्त बोलतात. कारण डेअरीचं बिल कसं निघतं हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, त्यावर कितीही उलटे प्रश्न आले तरी तुम्ही अडत नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर फाडफाड बोलता आलंच पाहिजे असं नाही. पण वाचून समजलं पाहिजे, कारण कॉम्प्युटर चूक दाखवतो ती इंग्रजीत. रोज एक पान वाचा, पाच ओळी लिहा. वर्षभरात फरक पडतो.

बाजार सध्या कसा आहे?

खरं सांगायचं तर आधीसारखी सुगी नाही. कोविडनंतर दोन वर्षं धडाधड भरती झाली, पुढं ती मंदावली. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या मोठ्या कंपनीनं सुमारे १२ हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. साधं कोड लिहायचं काम आता एआय चटकन करून देतं. त्यामुळे नुसतं पाठ केलेलं कोडिंग चालणार नाही. काम समजून घेणारा, चूक शोधणारा, समोरच्याशी बोलणारा माणूस टिकेल.

म्हणून सहा महिन्यांची आशा धरू नका. शून्यातून सुरुवात करणाऱ्यानं वर्ष-दीड वर्ष धरून चालावं. तेवढा काळ दुसरं उत्पन्न चालू ठेवा. शेती असो, दुकान असो, नाही तर अर्धवेळ काम असो.

इथं फसवणूक होते

एक : नोकरीसाठी पैसे. मोठ्या आयटी कंपन्या भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. ‘मागच्या दारानं लावतो, दोन लाख द्या’ म्हणणारा फसवतोय. ऑफर लेटर आलं तरी कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून खात्री करा.

दोन : अनुभवाचं खोटं पत्र. काही क्लासवाले ‘तीन वर्षांचा अनुभव दाखवू’ म्हणतात. कंपन्या मागची चौकशी करतात, पीएफची नोंद तपासतात. पकडलं गेलं की लागलेली नोकरी जाते.

तीन : फीचं कर्ज. ‘आता काही भरू नका, हप्ते पडतील’ म्हणून आधार, पॅन घेऊन मोबाइलवर ओटीपी मागतात. ते कर्ज फायनान्स कंपनीचं असतं. क्लास सोडला किंवा बंद पडला तरी फायनान्सवाले हप्ता मागतात. वडील सहकर्जदार असतील तर त्यांचाही सिबिल बिघडतो आणि उद्या ट्रॅक्टरच्या, ठिबकच्या कर्जाला बँक अडवते. ओटीपी देण्याआधी कागद वाचा.

चार : परदेशातली ‘आयटी नोकरी’. थायलंडला नेतो म्हणून म्यानमारमध्ये नेऊन पोरांकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं जबरदस्तीनं करून घेतल्याचे प्रकार घडलेत. परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. पर्यटक व्हिसावर नोकरीला जाऊ नका.

ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळायची आशा कमी.

क्लास लावायचाच असेल तर

सगळेच क्लास वाईट नसतात. शिकवणारा चांगला असेल तर वेळ वाचतो. पण आधी पुढच्या गोष्टी विचारा. शिकवणारा स्वतः कंपनीत काम केलेला आहे का? मागच्या बॅचमधल्या पाच पोरांशी आम्हाला बोलू देता का? आठ दिवस फुकट बसू देता का? मध्येच सोडलं तर फी परत किती, आणि ते लेखी देता का? ‘जॉब गॅरंटी’ म्हणजे नक्की काय, तेही लेखी देता का?

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो. बैलाइतकाच पैसा क्लासला जाणार असेल तर तेवढी पारख इथंही करायला हवी. पालकांनी स्वतः सोबत जावं. कॉम्प्युटरमधलं काही कळत नसलं तरी चालेल. वरचे प्रश्न विचारायला कॉम्प्युटर यावा लागत नाही, आणि उत्तर देताना समोरचा चाचरतोय का हे ओळखायला तर मुळीच नाही.