विमानाच्या अंगावरची देवनागरी

संगणकातल्या विमानाला पत्रा नसतो. त्रिकोणांचा एक पोकळ सांगाडा असतो आणि त्यावर चपटे चित्र गुंडाळलेले असते. उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये विमान कोणत्या कंपनीचे, कोणत्या काळातले, हे या चित्रावरून ठरते. त्याला टेक्स्चर म्हणतात. शिंपी ब्लाउज बेतताना पुढचा भाग, पाठ, बाह्या एकाच कापडावर आखून घेतो, तसे धड, पंख, शेपटी, इंजिनांची आवरणे एका चौकोनी चित्रात सुटी सुटी मांडलेली असतात. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर तर मोफत मिळतो आणि त्यातली बरीचशी चित्रे साध्या पीएनजी फायली असतात. चित्र बदलायचे आणि त्याचे नाव सांगणारी छोटी एक्सएमएल फाइल जोडायची, की विमान नव्या रंगात उभे राहते.

मी इथे नेरुळला बसून एअर इंडियाची जुनी बोइंग ७४७ विमाने अशी रंगवतो. ही विमाने १९७१ पासून आपल्याकडे आली. खिडक्यांभोवती लाल झरोके काढलेली, आकाशातला महाल म्हणून जाहिरात झालेली. एप्रिल २०२४ मध्ये त्यांतले शेवटचे मुंबईहून निघून गेले. आता उरली ती छायाचित्रे आणि हौशी लोकांनी बनवलेली टेक्स्चर्स. पुढच्या पिढीतला मुलगा हे विमान पाहील तो बहुधा सिम्युलेटरमध्येच. म्हणून त्याच्या अंगावरची अक्षरे बरोबर असली पाहिजेत, असा माझा हट्ट आहे. ती फार वेळा बरोबर नसतात.

पहिले कारण मापाचे नाही, काटकसरीचे आहे. विमानाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात असे धरून अनेक मॉडेलकार धडाची एकच बाजू चित्रात ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला तिचेच प्रतिबिंब लावतात. चित्राची निम्मी जागा वाचते. पण मग एका बाजूचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे उमटते. रोमन लिपीतली ए, आय, टी, ओ ही मोठी अक्षरे उलटली तरी तशीच दिसतात. देवनागरीत अशी सोय जवळपास नाही. आपला दंड उजवीकडे असतो, तो डावीकडे गेला की अक्षर मेले. शिवाय एअर इंडियाच्या या जुन्या विमानांवर दोन्ही बाजू सारख्या नसायच्याच. धडाच्या एका अंगाला देवनागरी, दुसऱ्या अंगाला रोमन, आणि शेपटीवर नेमके उलट. प्रतिबिंबाचे मॉडेल इथे कामाचेच नाही. दोन्ही अंगांना चित्रात वेगळी जागा द्यावी लागते, नाहीतर फक्त नावापुरती एक पारदर्शक पट्टी धडावर चिकटवावी लागते.

दुसरा घोटाळा टंकनाचा. चित्रे रंगवण्याच्या कित्येक जुन्या प्रोग्रॅमना देवनागरीची जुळणी कळत नाही. ते अक्षरे टंकलेल्या क्रमाने नुसती ओळीत ठेवतात. ‘इंडिया’मधली ‘ड’ची पहिली वेलांटी ‘ड’च्या पुढे जाऊन बसते आणि ती ‘य’ची वाटू लागते. परदेशातल्या रंगवणाऱ्याला यात काही खटकत नाही. त्याचे चित्र मग जगभर फिरते. उपाय सोपा आहे: इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये शब्द जुळवायचा, त्याची आकृती करून घ्यायची आणि ती चित्रात आणायची.

पण जुळणी बरोबर असली तरी वळण चुकते. बहुतेक जण समोर दिसेल तो फाँट घेतात, आणि तो पुष्कळदा मंगल असतो. मंगल हा र. कृ. जोशींनी घडवलेला फाँट, विंडोज २०००बरोबर घरोघर पोचलेला. जोशींनी फाँटचे हे काम मुंबईच्या एनसीएसटीत केले. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये गेली आणि तिचे एक केंद्र आमच्या खारघर स्टेशनसमोर आहे. म्हणजे हा फाँट तसा आमच्या शेजारचाच! पण तो पडद्यावर बारीक अक्षरांत वाचण्यासाठी केलेला आहे. १९७१च्या विमानावर तो लावणे म्हणजे पेशव्यांच्या हातात घड्याळ बांधणे.

म्हणून छायाचित्रावरून अक्षर गिरवायचे. इथे खिडक्या मोजपट्टीचे काम करतात. ७४७च्या खिडक्या २० इंचांच्या अंतराने असतात, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर. नाव किती खिडक्यांवर पसरले आहे ते मोजले की लांबी मिळते. उंची मात्र फसवते, कारण धड गोल आहे. समोरून घेतलेल्या छायाचित्रात, पृष्ठभाग जिथे उभ्या रेषेपासून ६० अंश आत झुकलेला असतो, तिथे एक मीटरची उंची अर्धा मीटरच दिसते. शिरोरेषा, वेलांटीचा माथा आणि ‘इं’वरचा अनुस्वार सगळ्यात वर, म्हणजे सर्वांत जास्त झुकलेल्या भागावर. हा हिशेब न करता गिरवलेला अनुस्वार दबून चपटा होतो.

मग ठिपक्यांची टंचाई. जुने ७४७ ७०.६६ मीटर लांब. ते ४०९६ ठिपक्यांच्या रुंदीत बसवले तर एका मीटरला ५८ ठिपके येतात. फूटभर उंचीच्या अक्षराला १७-१८, आणि त्यातल्या अनुस्वाराला जेमतेम तीन. ‘एम्परर अशोक’सारखी नाकाजवळची नावे त्यामुळे पुसट होतात, त्यांना मी वेगळे छोटे चित्र देतो. बऱ्याच सिम्युलेटरांत चित्र आणखी दाबूनही ठेवतात. त्यात चार बाय चार ठिपक्यांच्या प्रत्येक घरात दोनच मूळ रंग मिळतात, बाकीचे त्या दोघांच्या मिश्रणातले. लाल आणि पांढरा छान निभतात. २००७च्या रंगसंगतीत लाल पोट आणि पांढरे धड यांच्यामध्ये सोनेरी रेघ आली, आणि एका घरात तीन रंग झाले. ती रेघ मळकट दिसते याचे कारण हे आहे. चित्रात ती घराच्या कडेला नेमकी बसवली तर बरीच सुधारते.

नोंदणीचे अक्षर त्या मानाने सुखाचे. त्याला आंतरराष्ट्रीय नियम आहे: साधी, बिननक्षीची मोठी रोमन अक्षरे, धडावर किमान ३० सेंटिमीटर आणि पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर उंच, रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, रेषेची जाडी उंचीच्या एक षष्ठांश. व्हीटी-ईबीडी, म्हणजे एम्परर अशोक, १ जानेवारी १९७८ला वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. या विमानाची पाच अक्षरे मी नियमावरून काढू शकतो. त्याच्या अंगावरच्या देवनागरीला असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. ती खिडक्या मोजत, एकेक छायाचित्र ताडून पाहत काढावी लागते. सध्या तेच काम चालू आहे.