विठ्ठलभाई आणि नियमांचं पुस्तक

६१ विरुद्ध ६१. सप्टेंबर १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मतं मोजली, तेव्हा हा आकडा निघाला. इथल्या कामगारांत मिसळलेल्या परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्याचा अधिकार सरकारला हवा होता. मतं समान पडली की निकाल अध्यक्षांच्या हाती, आणि अध्यक्ष होते विठ्ठलभाई पटेल, सरदार वल्लभभाईंचे थोरले भाऊ. एवढा असाधारण कायदा हवा असेल तर सरकारनं सभागृहाला पटवून स्पष्ट बहुमत मिळवावं, अध्यक्षाच्या मतावर विसंबू नये, असं सांगून त्यांनी विरोधात मत दिलं. विधेयक पडलं. साम्राज्यानं आणलेलं विधेयक साम्राज्यानंच आखलेल्या नियमानं पाडलं, याचं नवल मला आजही ओसरत नाही.

ही किमया वकिलाची होती. विठ्ठलभाई बोरसदच्या कोर्टात नावारूपाला आले. वल्लभभाईंनी विलायतेला जाण्यासाठी पैसे साठवले होते, पण प्रवासाचं पत्र ‘व्ही. जे. पटेल’ या नावानं आलं आणि थोरल्याच्या हाती पडलं. दोघांची आद्याक्षरं एकच! आधी मी जातो, असं विठ्ठलभाई म्हणाले आणि धाकट्यानं ते मानलं. बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबईत वकिली केली, १९१२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिरले आणि पुढे दिल्लीच्या कौन्सिलात गेले. तिथं १९१८ मध्ये त्यांनी आंतरजातीय हिंदू विवाह कायदेशीर ठरवणारं विधेयक मांडलं. सनातन्यांनी गदारोळ केला, तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जाहीर पाठिंबा दिला. विधेयक मंजूर झालं नाही, पण महाराजांनी आपल्या संस्थानात तसा कायदा केलाच.

१९२५ मध्ये ते ५८ विरुद्ध ५६ मतांनी मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. सभागृहानं निवडून दिलेले हे पहिले अध्यक्ष. निवड होताच त्यांनी आपल्या स्वराज्य पक्षाशी संबंध तोडले. काहींना ही माघार वाटली. माझ्या मते त्यांची खरी ताकद इथूनच सुरू झाली, कारण पक्षाचा माणूस म्हणून त्यांचा निर्णय खोडून काढायची सोय सरकारला उरली नाही.

सुरक्षा विधेयक सरकारनं १९२९ मध्ये पुन्हा आणलं. त्याच वर्षी मार्चमध्ये कम्युनिस्ट कटाच्या मीरत खटल्यासाठी धरपकड झाली. त्यात डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर असे मुंबईचे कामगार पुढारीही होते. विठ्ठलभाईंनी नेमका दुवा पकडला. विधेयकाचा आधार आणि खटल्यातले आरोप एकच, आणि न्यायप्रविष्ट गोष्टीवर सभागृहात बोलता येत नाही. मग चर्चा करायची कशी? खटला मागे घ्या, नाहीतर विधेयक लांबणीवर टाका, असं त्यांनी सुचवलं. सरकारला दोन्ही नको होतं.

८ एप्रिलला ते निर्णय द्यायला उठले आणि भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले. धुरानं दालन भरलं, कामकाज थांबलं. पण त्या गडबडीत निर्णय हरवला नाही. ११ एप्रिलला विठ्ठलभाईंनी तो दिला: विधेयक नियमबाह्य. व्हाइसरॉय आयर्विन यांना अखेर सभागृहाला वळसा घालून वटहुकूम काढावा लागला. वटहुकुमानं सरकारचं काम भागलं खरं, पण लोकप्रतिनिधींची संमती आपल्याकडे आहे असं म्हणायची सोय गेली.

या लढाईच्या आड आणखी एक लढाई चालू होती, आणि मला ती तितकीच मोठी वाटते. सभागृहाचे कर्मचारी सरकारच्या विधी खात्याचे असत. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याच्याच नोकरांच्या सल्ल्यावर अध्यक्षानं कसं चालायचं? विठ्ठलभाईंनी हा प्रश्न लावून धरला आणि मोतीलाल नेहरूंनी वेगळ्या खात्याचा ठराव मांडला. जानेवारी १९२९ मध्ये कायदेमंडळाचं हे खातं अध्यक्षांच्या हाताखाली सुरू झालं. आजचं लोकसभा सचिवालय हा त्याचाच वारसा.